रुतलेलं जहाज आणि किनाऱ्याचा हक्क



करडीच्या या व्याख्यानमालेत शेती, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांवर आजवर पुष्कळ बोलून झालं आहे. मी समुद्रावर बोलणार आहे. त्यातही वादळात सापडून किंवा वाट चुकून किनाऱ्याला रुतलेली जहाजं आणि त्यांच्याभोवती उभा राहिलेला कायदा, एवढाच माझा विषय आहे. माझी वकिली याच कायद्यात गेली, म्हणून तो मला जवळचा. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या मोहाडी तालुक्यापासून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी या जिल्ह्याचं समुद्राशी नातं नाही असं कुणी म्हणू नये. शेजारच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथं मॅंगनीजच्या खाणी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्य प्रांतातलं मॅंगनीज आगगाडीनं बंदराला आणि तिथून जहाजानं परदेशी जात आलं. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ साली सुरू झालं. ते बांधण्यामागचा एक मोठा हेतूच हा होता की, मध्य प्रांताच्या मॅंगनीजला जवळचा समुद्र मिळावा. आज आपल्याकडचा धान भरडून निघालेला तांदूळ परदेशी जातो तोही जहाजानंच. जहाज रुतलं की त्याची झळ कुठवर पोचते हे पाहताना आपलं गाव हिशेबाबाहेर राहत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जहाज किनाऱ्याला लागलं की कायदा पहिल्यांदा जहाजाचा आणि मालाचा विचार करतो. ज्या किनाऱ्यावर ते येऊन पडलं, त्या किनाऱ्यावरच्या माणसाची पाळी सगळ्यांत शेवटी येते. हा क्रम शेकडो वर्षांत घडलेला आहे आणि तो बदलायला हवा.

जहाज रुततं म्हणजे काय होतं ते पाहू. भरलेल्या जहाजाचा पुष्कळसा भाग पाण्याखाली असतो. मोठ्या जहाजाला पंधरा-वीस मीटर खोल पाणी लागतं. तेवढं पाणी मिळालं नाही की तळ वाळूला, चिखलाला किंवा खडकाला लागतो. वाळूत तळ टेकला तर आशा असते. पुढच्या मोठ्या भरतीची, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट पाहायची, तोवर इंधन आणि माल उतरवून वजन कमी करायचं, आणि पाणी चढलं की टग लावून ओढायचं. खडकावर चढलेल्या जहाजाची गोष्ट वेगळी. ओहोटीला पाणी खाली गेलं की जहाजाचं सगळं वजन दोन-तीन ठिकाणांवर येतं, लाटा दर काही सेकंदांनी त्याला उचलून आपटतात आणि पोलादी पत्रा फाटतो. पहिले काही तास हातातून गेले की पुढे बरंचसं नशिबावर असतं.

मुंबईनं २०११ च्या पावसाळ्यात हे लागोपाठ पाहिलं. जूनमध्ये ‘विज्डम’ नावाचं जहाज कोलंबोहून गुजरातेत अलंगला मोडीत काढायला ओढून नेलं जात होतं. ओढणारा दोर तुटला. माणूस नसलेलं ते जहाज वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या बाजूनं वाहत जुहूच्या चौपाटीला लागलं. ते सुटतं न सुटतं तोच ३१ जुलैला ‘पवित’ नावाचं छोटं तेलवाहू जहाज त्याच भागात येऊन वाळूत बसलं. पवितची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ओमानच्या बाजूला यंत्रं बंद पडली, आत पाणी शिरू लागलं, म्हणून जूनच्या अखेरीस खलाशांनी जहाज सोडलं आणि ब्रिटिश युद्धनौकेनं त्यांना वाचवलं. जहाज बुडालं असं सगळ्यांनी धरलं. ते बुडालं नव्हतं. महिनाभर ते अरबी समुद्रात आपोआप वाहत राहिलं आणि देशाच्या सगळ्यांत मोठ्या शहराच्या किनाऱ्याला लागेपर्यंत कुणाच्या नजरेस पडलं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे सुरक्षेवर गदारोळ झाला आणि तो रास्तच होता. पण कायद्याच्या दृष्टीनं दुसरा प्रश्न तितकाच मोठा होता. झेंडा पनामाचा, मालक दुबईत, खलाशी भारतीय, आणि जहाज जुहूला. ते हलवण्याचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा?

जुन्या काळी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. जे किनाऱ्याला लागलं ते किनाऱ्याच्या राजाचं. जगात बहुतेक ठिकाणी हीच रूढी होती. इंग्लंडात तेराव्या शतकात कायदा झाला की, फुटलेल्या जहाजातून एखादा माणूस, कुत्रा किंवा मांजरही जिवंत निसटलं तर ते जहाज बेवारस मानायचं नाही, मालकाला मुदतीत हक्क सांगता येईल. आपल्याकडे अर्थशास्त्रात कौटिल्यानं नौकांच्या अधिकाऱ्याला बजावलं आहे की, वाऱ्यानं भरकटून आलेल्या नावेला बापाच्या मायेनं वागवावं आणि पाण्यानं भिजलेल्या मालावर जकात माफ करावी किंवा निम्मी घ्यावी. आता आंध्र किनाऱ्यावरचा एक शिलालेख सांगतो. मोटुपल्ली नावाचं जुनं बंदर आहे. काकतीय राजा गणपतिदेवानं इसवी सन १२४४ च्या सुमाराला तिथं अभयशासन कोरवून घेतलं. त्याचा आशय असा की, पूर्वीचे राजे वादळानं फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा सगळा माल जप्त करत. समुद्रावर जीव धोक्यात घालणाऱ्या व्यापाऱ्यांवर दया करून आम्ही ठरलेल्या जकातीखेरीज सगळं त्यांना सोडून देतो. मला हा शिलालेख फार मोलाचा वाटतो. कुठलीही आंतरराष्ट्रीय परिषद नव्हती, करार नव्हता. एका राजाला कळलं की लुटीपेक्षा भरवसा जास्त काळ टिकतो, आणि त्यानं ते दगडावर कोरलं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण रायगडावरचं आहे, आणि ते तितक्याच गांभीर्यानं पाहिलं पाहिजे. जून १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर तहाच्या बोलणीसाठी आला होता. कंपनीनं मांडलेल्या कलमांत एक कलम असं होतं की, मराठी राज्याच्या किनाऱ्यावर इंग्रजांचं जहाज फुटलं तर जहाज आणि माल इंग्रजांना परत मिळावा. बाकीच्या बहुतेक मागण्यांना महाराजांची हरकत नव्हती, हे कलम मात्र अडलं. कारण असं देण्यात आलं की, वादळानं किनाऱ्याला लागलेलं जहाज वा माल परत करणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर सगळे तीच मागतील.

काही जण हे वाचून अवघडतात, गणपतिदेवाची उदारता इथं का नाही असं विचारतात. मला ते तसं दिसत नाही. मोटुपल्लीला येणारे व्यापारी होते. १६७४ साली कोकणपट्टीला येणाऱ्या जहाजांवर तोफा होत्या, आणि ती पाठवणाऱ्यांना किनारे ताब्यात हवे होते. किनाऱ्यावर काय लागू होईल हे किनाऱ्याचं राज्य ठरवणार, जहाज पाठवणारा नव्हे, ही ती भूमिका होती. तिची दुसरी बाजूही आहे: वादळात सर्वस्व गमावून जिवानिशी काठाला आलेल्या खलाशाला हा रिवाज काहीच देत नव्हता. शिवाय माल राजाच्या खजिन्यात जाई. ज्या कोळ्याचं जाळं त्या जहाजाखाली फाटलं, त्याच्या हाती तेव्हाही फारसं काही पडत नसणार.

पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत युरोपातल्या बंदरांनी, विमा कंपन्यांनी आणि न्यायालयांनी जो सागरी कायदा घडवला, त्यात किनाऱ्याचा हा हक्क जवळजवळ पुसला गेला. सफरीत ज्यांनी पैसा घातला आहे त्यांच्या आपसातल्या हिशेबाचा तो कायदा झाला. त्याच्या मुळाशी एक अतिशय न्याय्य कल्पना आहे, तिला सामाईक हानी म्हणतात. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची, पाळ फुटायला आली. खालची सगळी धानाची बांधी वाहून जाणार. अशा वेळी एका कुणाच्या शेतातून पाट फोडून पाणी काढून दिलं. त्याचं पीक गेलं, बाकी सगळ्यांचं वाचलं. मग ज्यांचं वाचलं त्यांनी आपापल्या शेताच्या प्रमाणात त्याचं नुकसान भरून द्यावं, की नाही? समुद्रावर हा नियम दोन हजार वर्षांहून जुना आहे. जहाज वाचवण्यासाठी जाणूनबुजून माल समुद्रात टाकला, किंवा रुतलेलं जहाज काढायला खर्च केला, तर तो जहाजमालक आणि प्रत्येक मालधनी यांच्यावर वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात वाटला जातो.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते ‘एव्हर गिव्हन’नं दाखवलं. २३ मार्च २०२१ ला चारशे मीटर लांबीचं ते जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं. जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते. पौर्णिमेचं उधाण, काठ खोदणारी यंत्रं आणि टग यांच्या जोरावर २९ मार्चला ते सुटलं. बातम्या तिथं थांबल्या. कायदा तिथून सुरू झाला. कालव्याच्या प्राधिकरणानं नुकसानभरपाई मागून जहाज अडकवलं, आणि तडजोड होऊन ते जुलैत निघालं. इकडे जपानी मालकानं सामाईक हानी जाहीर केली. जहाजावर अठरा हजारांवर कंटेनर. आता यातल्या एखाद्या कंटेनरमध्ये आपल्या भागातल्या राइस मिलचा तांदूळ असता, असं धरा. मिलमालकाच्या हातात एक कागद येतो: माल सोडवायचा असेल तर आधी वाटा भरण्याची हमी द्या. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते. विमा नसेल तर रोख अनामत भरावी लागते. तांदूळ सुखरूप आहे, त्याचा एक दाणाही भिजलेला नाही, तरी तो हातात येत नाही. अंतिम हिशेब व्हायला काही वर्षं लागतात. परदेशी माल पाठवणाऱ्या या भागातल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, सागरी विम्याचा हप्ता वाचवू नका.

रुतलेलं जहाज काढायचं काम तारणहार कंपन्या करतात. त्यांचा जुना करार लंडनच्या लॉइड्सच्या नमुन्यावर होतो. त्याचं मुख्य तत्त्व असं की, वाचवलं तर मोबदला, नाही तर काही नाही. मोबदला किती, हे वाचलेल्या मालमत्तेची किंमत, धोका आणि कौशल्य पाहून नंतर ठरतं. यामुळे लोक जीव धोक्यात घालून धावून येत. पण यात एक मोठी फट होती. वाचवण्यासारखी किंमतच उरली नसेल तर कुणी यावं कशासाठी? आणि करारावर घासाघीस चालू असताना किनाऱ्याचं काय? १६ मार्च १९७८ ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर ‘अमोको काडिझ’ या तेलवाहू जहाजाचं सुकाणू सकाळी बिघडलं. मदतीला जर्मन टग आली. कुठल्या अटींवर ओढायचं यावर बोलणी लांबत गेली. ओढण्याचे प्रयत्न झाले, दोर तुटला, आणि रात्री जहाज खडकावर चढलं. सव्वादोन लाख टनांच्या आसपास तेल किनाऱ्यावर पसरलं. या अनुभवानंतर १९८९ चा तारणविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. पर्यावरणाचं नुकसान टाळायला तारणहारानं प्रयत्न केले असतील तर जहाज वाचलं नाही तरी त्याचा खर्च भरून मिळेल, असं त्यात आलं. भारत या करारात १९९५ साली सामील झाला.

याच करारातली आणखी एक तरतूद मला कायम अस्वस्थ करते. माल वाचवला तर मोबदला आहे. माणूस वाचवला तर वाचलेल्या माणसाकडून काही मागता येत नाही. ते योग्यच आहे, जिवाची किंमत वसूल करू नये. पण ज्या नावाड्यानं फक्त माणसं वाचवली, त्याला दुसऱ्या कुणी वाचवलेल्या मालाच्या मोबदल्यात हिस्सा मिळाला तर मिळाला, नाहीतर त्याच्या पदरात काही नाही. समुद्रावरच्या प्रत्येक कप्तानावर बुडत्याला वाचवण्याचं कर्तव्य कायद्यानं घातलं आहे. ते कर्तव्य पार पाडताना ज्या गरीब माणसाची होडी फुटते, तिचा खर्च कुणावर, हे सांगायला कायदा तितका तत्पर नाही.

आता जहाजाला अटक करण्याविषयी. सागरी कायद्यात मालक सापडत नसेल तर खुद्द जहाजावर दावा लावता येतो. दाव्यात प्रतिवादी म्हणून जहाजाचं नाव असतं. मुंबईत उच्च न्यायालयाचं अटकेचं वॉरंट शेरीफच्या कार्यालयामार्फत बजावलं जातं आणि त्याची प्रत जहाजावर चिकटवली जाते. ती चिकटली की न्यायालयाच्या परवानगीशिवाय जहाज हलू शकत नाही. १९६७ साली ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येला खडकावर आपटलं आणि एक लाख टनांहून जास्त तेल सांडलं. जहाज पेटवून तेल जाळायला ब्रिटिश विमानांना बॉम्ब टाकावे लागले. जहाज संपलं, मग दावा कशावर लावणार? त्याच मालकाचं दुसरं जहाज सिंगापूरला आलं तेव्हा ब्रिटिश सरकारच्या वकिलानं त्यावर चढून डोलकाठीला नोटीस लावली. शेवटी ३० लाख पौंडांवर तडजोड झाली आणि ते पैसे ब्रिटन व फ्रान्सनं वाटून घेतले. किनाऱ्याच्या नुकसानाचा विचार आंतरराष्ट्रीय कायद्यात ठळकपणे आला तो या घटनेनंतर. म्हणजे तसा कालपरवाच.

आपल्या देशाला जहाज अटकेचा हा अधिकार पूर्णपणे मिळायला किती काळ लागला पाहा. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटला. गोव्यातल्या एका कंपनीनं मार्मगोवा बंदरातून पाठवलेल्या मालाबद्दल तक्रार होती. जहाज पुढे विशाखापट्टणमला आलं तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकुमानं ते अडकवण्यात आलं. मालकाचा युक्तिवाद असा की, भारतीय न्यायालयांचे सागरी अधिकार १८६१ आणि १८९० च्या इंग्रजी कायद्यांनी दिले तेवढेच, आणि देशाबाहेर जाणाऱ्या मालाचा त्यात समावेश नाही. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानं हे फेटाळलं. स्वतंत्र देशाच्या उच्च न्यायालयाचे अधिकार एका शतकापूर्वीच्या परक्या कायद्यात अडकून पडलेले नाहीत, असं निकालात स्पष्ट झालं. माझ्या मते आपल्या न्यायालयांनी दिलेल्या थोर निकालांपैकी तो एक आहे, आणि शाळा-महाविद्यालयांत तो शिकवला जात नाही याचं मला वाईट वाटतं. संसदेनं त्या जुन्या कायद्यांच्या जागी नवा नौकाधिकरण कायदा केला २०१७ मध्ये, आणि तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला.

त्या कायद्यात जहाज विकून आलेले पैसे कुणाला आधी द्यायचे याचा क्रम आहे. पहिल्यांदा खलाशांचा पगार. हे फार चांगलं झालं. मग मृत्यू आणि इजा. मग तारणाचा मोबदला. मग बंदराची देणी. आणि या विशेष हक्कांच्या यादीत शेवटी, जहाजाच्या वावरामुळे इतरांच्या मालमत्तेचं झालेलं नुकसान. कोळ्याचं जाळं, होडी, किनाऱ्याची भिंत हे या शेवटच्या पायरीवर. भंगाराच्या भावानं विकलेल्या जहाजाचे पैसे तिथवर उतरेपर्यंत कितीसे उरणार? मी सुरुवातीला क्रमाविषयी बोललो तो अगदी छापील शब्दांत असा समोर येतो.

आणि विकण्याजोगं जहाजच नसेल तर? गोव्यात कांदोळीला ‘रिव्हर प्रिन्सेस’ ६ जून २००० ला पावसाळी वादळात किनाऱ्याला लागलं. खनिज लोखंडाच्या धंद्यातलं जवळजवळ अडीचशे मीटर लांबीचं जहाज, चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर. ते पूर्णपणे निघायला २०१२ साल उजाडलं. बारा वर्षं! मधल्या काळात राज्य सरकारनं २००१ मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा खास कायदा केला, जहाज ताब्यात घेतलं, एकामागून एक ठेकेदार नेमले गेले, न्यायालयात खेटे झाले. दर वर्षी जहाज वाळूत आणखी खाली जात होतं, आणि दर वर्षी ते काढणं आणखी महाग होत होतं. लाटांची वाट अडल्यामुळे किनाऱ्याची वाळू खचत गेली. काठावर छोटा धंदा करणाऱ्यांच्या, मासेमारी करणाऱ्यांच्या एका पिढीचं बालपण त्या गंजलेल्या पत्र्यासमोर गेलं.

रत्नागिरीतही तसंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन आदळलं. तेरा खलाशांना सुखरूप काढलं, ही त्यातली समाधानाची बाजू. जहाज मात्र पुढची काही वर्षं तिथंच राहिलं. मिऱ्याच्या लोकांनी समुद्राच्या धुपीपासून वाचायला बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला. प्रत्येक उधाणाला जहाज त्याच बंधाऱ्यावर आपटत राहिलं.

अशा जहाजांसाठीच नैरोबीचा करार झाला, २००७ साली. भारत त्यात २०११ मध्ये सामील झाला आणि १४ एप्रिल २०१५ पासून तो अमलात आहे. ३०० टनांवरच्या जहाजाच्या मालकानं अवशेष हटवण्याच्या खर्चाचा विमा बाळगलाच पाहिजे. अवशेष कुठे आहे ते शोधणं, तिथं खूण लावणं आणि तो काढणं ही मालकाची जबाबदारी. मालक पळाला तर देशाला थेट विमा कंपनीला पकडता येतं. २०२५ साली संसदेनं १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला, त्यात अवशेष आणि तारणाचं स्वतंत्र प्रकरण आहे. करार चांगला आहे. पण त्यात जहाज काढण्याच्या खर्चाची सोय आहे. जहाज बारा वर्षं पडून राहिलं त्या काळात ज्यांची मासेमारी बुडाली, त्यांच्या भरपाईची त्यात सोय नाही. सामाईक हानीचा हिशेब करताना वाचलेल्या प्रत्येक पोत्यावर वाटा बसवणारा कायदा, काठावरच्या माणसानं सोसलेलं नुकसान मात्र त्याच हिशेबात धरत नाही. तो माणूस सफरीत भागीदार नव्हता, हे त्याचं कारण. नव्हताच तो भागीदार. म्हणून तर त्याचं पहिल्यांदा भरून निघालं पाहिजे.

खलाशाविषयी थोडं बोलतो, कारण विदर्भातली मुलंही आता मर्चंट नेव्हीत जातात. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशियो’ नावाचं जपानी मालकीचं, पनामाच्या झेंड्याचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळांवर चढलं. मोबाइलचं नेटवर्क मिळावं म्हणून ते किनाऱ्याच्या जवळ नेलं होतं, असं चौकशीत पुढे आलं. महामारीत खलाशी महिनोन् महिने घरी जाऊ शकत नव्हते, हे ध्यानात घ्या. चूक गंभीरच होती. एक हजार टनांच्या आसपास तेल सांडलं, आणि ते अडवायला मॉरिशसच्या लोकांनी उसाच्या पाचोळ्याचे तरंगते बांध हातांनी शिवले. जहाजाचा भारतीय कप्तान आणि श्रीलंकेचा अधिकारी यांना दीर्घ कोठडीनंतर शिक्षा झाली. सात समुद्रांपलीकडच्या मालकाच्या जबाबदारीला जहाजाच्या टनांवरून ठरणारी आर्थिक मर्यादा असते. कोठडीत बसलेल्या कप्तानाला अशी कुठलीही मर्यादा नाही. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ २०१२ मध्ये ‘कोस्ता कॉन्कॉर्दिया’ हे प्रवासी जहाज बेटाला सलामी देण्याच्या हौसेनं खडकाला घासलं आणि बत्तीस जण गेले. त्यांत मुंबईकडचा एक तरुण वेटर होता. त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाले, जहाज जेनोवाला नेऊन मोडायला काढलं होतं तेव्हा.

शेवटी आपल्या नदीकडे येतो. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते. २०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग ठरवले, त्यांत वैनगंगा-प्राणहितेचा खालचा पट्टाही आहे. कागदावर तरी आपली नदी जहाजांच्या कायद्यात आलेली आहे. २०२१ साली अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा झाला. नोंदणी, विमा, तपासणी, अपघाताची चौकशी, अवशेष, सगळं त्यात आहे. त्याचा मुख्य रोख इंजिनाच्या नौकांवर आहे. पण विनाइंजिनाच्या नौकांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी, राज्य सरकारनं हे काम ग्रामपंचायतीपर्यंतच्या संस्थांकडे सोपवावं आणि सुरक्षेसाठी विकास निधी उभारावा, अशी त्यात योजना आहे.

प्रत्यक्षात मात्र चित्र वेगळं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या शेतमजूर बाया मिरची तोडायला डोंग्यातून वैनगंगेच्या पलीकडे निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा जणींचा जीव गेला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांचं पाणी आलं आणि भंडाऱ्यात पूर शिरला, तेव्हा बचाव पथकं पोचायच्या आधी ढिवर बांधवच डोंगे घेऊन पुढे होतात हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. त्या डोंग्यांची नोंद नाही, विमा नाही, लाइफ जॅकेट नाही. फुटला तर नवा डोंगा ज्याचा त्यानं करायचा.

म्हणून इथं बसलेल्या सरपंचांना, पंचायत समितीच्या सदस्यांना आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. २०२१ च्या कायद्यातल्या विनाइंजिनाच्या नौकांच्या प्रकरणाखाली आमच्या ग्रामपंचायतीला नोंदणीचे अधिकार द्यावेत असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे पाठवा. प्रत्येक डोंग्याचा नंबर, मालकाचं नाव आणि तो किती माणसं नेऊ शकतो हे एका वहीत येऊ द्या. पुरात माणसं काढताना डोंगा निकामी झाला तर त्याची भरपाई विकास निधीतून मिळावी, हे त्या ठरावात स्वतंत्र ओळीत लिहा. मसुदा करायला मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे.